लोखंडाचे हरवलेले दोन टक्के : धातूंमधल्या चुंबकीय लहरींचा हिशेब कसा करावा

एक ग्रॅम शुद्ध लोखंड निरपेक्ष शून्याजवळ थंड करून पूर्ण चुंबकित केलं, तर त्याचं चुंबकन सुमारे २२२ ईएमयू भरतं. तोच तुकडा खोलीच्या तापमानाला मोजला, तर आकडा २१८ च्या आसपास येतो. लोखंड तेच, अणू तितकेच आणि चुंबकक्षेत्रही तेवढंच. तरीही जवळजवळ दोन टक्के चुंबकत्व कमी भरलं.

हे दोन टक्के लहरींमध्ये गेले. लोखंडातले स्पिन उष्णतेमुळे एकेकटे उलटत नाहीत. सगळे मिळून किंचित डोलतात आणि तो डोल लहरीसारखा स्फटिकभर फिरतो. तिला स्पिन-लहर म्हणतात आणि तिच्या एका पुंजाला मॅग्नॉन. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या संक्रमण धातूंमध्ये या लहरींच्या जोडीला आणखी एक प्रकारचं उत्तेजन असतं, इलेक्ट्रॉनची एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात उडी. या दोघांचा मेळ घालताना विद्यार्थी अडखळतात.

अडखळण्याचं कारण मला वर्गात नेहमी दिसतं. अभ्यासक्रमात हा विषय तीन ठिकाणी विखुरलेला असतो : चुंबकत्वाच्या प्रकरणात हायझेनबर्ग, पट्टा-सिद्धांताच्या प्रकरणात स्टोनर आणि विवर्तनाच्या प्रकरणात न्यूट्रॉन. मुलं तिन्ही प्रकरणं पाठ करतात, पण एका प्रकरणातला आकडा दुसऱ्या प्रकरणात नेऊन लावून पाहत नाहीत. हा लेख त्यासाठीच आहे. एम.एस्सी.च्या किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षातल्या कुणालाही वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन या पायऱ्या चढता येतील. अट एकच. प्रत्येक पायरीवर हाती आलेला आकडा दुसऱ्या कुठल्यातरी मोजमापाशी ताडून पाहायचा.

पायरी १ : वहीच्या पहिल्या पानावर आकडे लिहा

सूत्रांच्या आधी आकडे हवेत. खालचा तक्ता वहीत उतरवून घ्या. आघूर्ण दर अणूमागे, बोर मॅग्नेटॉनमध्ये दिलं आहे. घनफळही दर अणूमागे, घन अँगस्ट्रॉममध्ये. शेवटच्या रकान्यातली ताठरता, जिला आपण पुढे 'डी' म्हणू, मिली-ईव्ही गुणिले वर्ग अँगस्ट्रॉम या एककात आहे.

| धातू | आघूर्ण | क्युरी तापमान | घनफळ | ताठरता 'डी' |
|---|---|---|---|---|
| लोखंड | २.२ | १०४३ केल्विन | ११.८ | सुमारे २८० |
| कोबाल्ट | १.७ | सुमारे १३९० केल्विन | ११.१ | सुमारे ५०० |
| निकेल | ०.६ | सुमारे ६२७ केल्विन | १०.९ | सुमारे ४०० |

ताठरतेचे आकडे खोलीच्या तापमानाचे आहेत. निकेलची ताठरता थंडीत बरीच वाढते, द्रवरूप हेलियमच्या तापमानाला ती ५५० च्या घरात जाते. हे लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

त्याच पानावर तीन रूपांतरं लिहा. १ मिली-ईव्ही म्हणजे ११.६ केल्विन. १ मिली-ईव्ही म्हणजे ०.२४२ टेराहर्ट्झ. आणि ३०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा २५.८५ मिली-ईव्ही. एखादी लहर खोलीच्या तापमानाला 'स्वस्त' आहे की 'महाग', हे या शेवटच्या आकड्याशी तुलना करूनच ठरतं.

आता तक्त्यातला दुसरा रकाना पुन्हा पाहा. २.२, १.७, ०.६. अणूवर पूर्ण इलेक्ट्रॉन बसलेले असते आणि प्रत्येकाचा स्पिन ठाम असता, तर आघूर्ण पूर्णांकाच्या जवळपास यायला हवं होतं. ते तसं येत नाही, कारण या धातूंमधले डी-कक्षेतले इलेक्ट्रॉन स्फटिकभर हिंडतात. या एका रकान्यात पुढची सगळी अडचण दडलेली आहे.

पायरी २ : दोन चित्रं शेजारी शेजारी काढा

पान मधोमध दुमडा.

डाव्या बाजूला हायझेनबर्गचं चित्र काढा. १९२८ मध्ये त्यानं दाखवलं की शेजारच्या अणूंचे स्पिन एका दिशेला ठेवणारा जोर इलेक्ट्रॉनांच्या विनिमयातून, म्हणजे एक्स्चेंजमधून येतो. या चित्रात प्रत्येक अणूवर एक बाण आहे. एकच बाण उलटा केला तर सगळ्या शेजाऱ्यांशी वाकडं येतं आणि ऊर्जा फार लागते. पण तोच बदल सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घेतला तर खर्च अगदी कमी होतो.

मिरवणुकीतलं लेझीम डोळ्यांसमोर आणा. रांगेतला प्रत्येक जण तीच हालचाल करतो, पण शेजाऱ्यापेक्षा पाव मात्रा उशिरानं. लांबून पाहणाऱ्याला रांगेवरून एक लाट सरकताना दिसते. स्पिन-लहरीत असंच घडतं. प्रत्येक बाण आपल्या अक्षाभोवती छोट्या वर्तुळात फिरतो आणि शेजाऱ्यापेक्षा थोडा मागे असतो. हा मागेपणा जितका कमी, तितकी लहर लांब आणि ऊर्जा कमी. १९३० मध्ये फेलिक्स ब्लोखनं यावरूनच चुंबकन तापमानाबरोबर कसं घटतं ते काढलं.

उजव्या बाजूला एडमंड स्टोनरचं चित्र काढा. त्यानं १९३८ मध्ये ते नीट मांडलं. इथे अणूवर बाण नाहीत. इलेक्ट्रॉनांचे दोन पट्टे आहेत, एक वरच्या स्पिनचा आणि एक खालच्या स्पिनचा, आणि एक्स्चेंजमुळे ते एकमेकांपासून सरकलेले आहेत. हे अंतर लोखंडात सुमारे २ ईव्ही आहे, निकेलमध्ये प्रकाश-इलेक्ट्रॉन प्रयोगांतून सुमारे ०.३ ईव्ही मिळतं. एका पट्ट्यातला इलेक्ट्रॉन स्पिन उलटवून दुसऱ्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागी गेला की स्टोनर उत्तेजन झालं.

दोन्ही चित्रं खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. नुसत्या स्टोनरच्या चित्रातून लोखंडाचं क्युरी तापमान काढलं, तर ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पटींनी जास्त येतं, कारण त्यात स्वस्त लहरींना जागाच नाही. नुसत्या हायझेनबर्गच्या चित्रात अपूर्णांकी आघूर्ण बसत नाही. म्हणून पानाची घडी मोडू नका. पुढे सारखं या बाजूवरून त्या बाजूला जावं लागेल.

पायरी ३ : लहरीची ऊर्जा काढा

लांब लहरींसाठी नियम सोपा आहे. ऊर्जा म्हणजे 'डी' गुणिले तरंगसदिशाचा वर्ग. तरंगसदिशाला 'क्यू' म्हणू. तो २ पाय भागिले लहरीची लांबी इतका असतो. लोखंडासाठी स्वतः हिशेब करा :

- क्यू ०.१ प्रति अँगस्ट्रॉम : लांबी ६३ अँगस्ट्रॉम, ऊर्जा २.८ मिली-ईव्ही.
- क्यू ०.३ : लांबी २१ अँगस्ट्रॉम, ऊर्जा २५.२ मिली-ईव्ही.
- क्यू ०.५ : लांबी सुमारे १२.६ अँगस्ट्रॉम, ऊर्जा ७० मिली-ईव्ही.

दुसरी ओळ खोलीच्या तापमानाच्या ऊर्जेला जवळजवळ भिडते. म्हणजे खोलीत ठेवलेल्या लोखंडाच्या खिळ्यात वीसेक अँगस्ट्रॉम आणि त्याहून लांबीच्या लहरी आपोआप भरलेल्या असतात.

आता हाच नियम ब्रिल्वां क्षेत्राच्या सीमेपर्यंत ताणून पाहा. लोखंडाच्या घनाची बाजू २.८६६ अँगस्ट्रॉम आहे. ११० दिशेला सीमा येते १.५५ प्रति अँगस्ट्रॉमवर आणि ऊर्जा निघते ६७० मिली-ईव्हीच्या वर. हा आकडा खोटा आहे. क्यू वाढला की आलेख वर्गाच्या नियमाखाली वाकतो. नियम कुठवर खरा धरायचा ते आलेखावर उभी तुटक रेघ मारून दाखवा. लोखंडासाठी मी ती ०.३ च्या आसपास मारायला सांगतो. त्यापलीकडे चौथ्या घाताचं पद घ्यावं लागतं.

पायरी ४ : हरवलेले दोन टक्के शोधा

दर घन अँगस्ट्रॉममध्ये किती मॅग्नॉन आहेत, हे ब्लोखच्या हिशेबातून मिळतं. उष्णतेची ऊर्जा १२.५७ गुणिले 'डी' ने भागा (१२.५७ म्हणजे चार पाय), उत्तराचा दीडावा घात घ्या आणि २.६१२ ने गुणा. लोखंडासाठी ३०० केल्विनला :

- २५.८५ भागिले (१२.५७ × २८०) = ०.००७३४
- त्याचा दीडावा घात = ०.०००६२९
- गुणिले २.६१२ = ०.००१६४ मॅग्नॉन दर घन अँगस्ट्रॉम
- गुणिले अणूचं घनफळ ११.८ = ०.०१९४ मॅग्नॉन दर अणू

म्हणजे साधारण दर ५० अणूंमागे एक मॅग्नॉन. प्रत्येक मॅग्नॉन चुंबकनातून दोन बोर मॅग्नेटॉन वजा करतो. तर दर अणूमागे घट झाली ०.०३९. तिला २.२२ ने भागा. उत्तर १.७ टक्के. लोखंडाचा जी-अंक २ पेक्षा थोडा जास्त, २.१ च्या जवळ आहे. तो धरला तर १.८ टक्के.

लेखाच्या सुरुवातीला हरवलेल्या दोन टक्क्यांचा हिशेब इथे लागला. यातल्या आकड्यांची कुळं वेगळी आहेत, हे नीट पाहा. २८० हा आकडा न्यूट्रॉनच्या प्रयोगातून आला. २२२ आणि २१८ हे आकडे चुंबकमापीवरून आले. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत, वेगळ्या यंत्रांवर मिळालेले आकडे एकमेकांना ओळख देतात, तेव्हा चित्रावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

तुमच्याकडे व्हीएसएम किंवा स्क्विड चुंबकमापी असेल तर हे उलटही करता येतं. ५ केल्विनपासून क्युरी तापमानाच्या साधारण पाव हिश्शापर्यंत चुंबकन मोजा आणि ते तापमानाच्या दीडाव्या घाताविरुद्ध मांडा. रेघ सरळ आली तर तिच्या उतारातून 'डी' काढा. तीन गोष्टी सांभाळा. क्षेत्र इतकं हवं की नमुना पूर्ण संपृक्त होईल. तेच क्षेत्र लहरींना थोडी किमान ऊर्जाही देतं, ती हिशेबात धरा. आणि पाव हिश्शाच्या पुढचे बिंदू रेघेत ओढूनताणून बसवू नका.

पायरी ५ : साधं प्रारूप बसवा आणि ते मोडून पाहा

आता हायझेनबर्गच्या प्रारूपाची परीक्षा घ्या. फक्त जवळच्या शेजाऱ्यांमध्ये एक्स्चेंज आहे असं धरा. तीनही प्रकारच्या घनीय जालकांसाठी 'डी' ची किंमत येते २ गुणिले एक्स्चेंज गुणिले स्पिन गुणिले बाजूचा वर्ग (दर जोडीची ऊर्जा वजा दोन 'जे' गुणिले स्पिनांचा गुणाकार, ही पद्धत धरून). लोखंडासाठी 'डी' २८०, बाजूचा वर्ग ८.२१ आणि स्पिन १.११ घातला की एक्स्चेंज सुमारे १५.४ मिली-ईव्ही निघतं.

या एक्स्चेंजवरून सरासरी-क्षेत्र पद्धतीनं क्युरी तापमान काढा. दोन तृतीयांश गुणिले आठ शेजारी गुणिले १५.४ गुणिले १.११ गुणिले २.११. उत्तर येतं सुमारे १९२ मिली-ईव्ही, म्हणजे २२०० केल्विनच्या वर. खरं क्युरी तापमान १०४३ केल्विन.

इथे बरेच विद्यार्थी आकडेमोड चुकली समजून वही मिटतात. आकडेमोड बरोबर आहे, प्रारूप अपुरं आहे. सरासरी-क्षेत्र पद्धत नेहमीच तापमान वाढवून सांगते, हे एक कारण. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. धातूमध्ये एक्स्चेंज जवळच्या शेजाऱ्यावर संपत नाही. भटक्या इलेक्ट्रॉनांमुळे ते लांबवर पसरतं आणि कधी चिन्हही बदलतं. ताठरतेत प्रत्येक शेजाऱ्याचं वजन अंतराच्या वर्गानं वाढतं, क्युरी तापमानात तसं वाढत नाही. म्हणून एकाच एक्स्चेंजनं दोन्ही आकडे एकदम जुळत नाहीत. स्पिनडब्ल्यूसारख्या संगणक-प्रणालीत एक्स्चेंजचे दहा आकडे भरून सुंदर आलेख काढण्याआधी हे पान हातानं लिहा. नाहीतर आलेख जुळतो आणि भौतिकशास्त्र निसटतं.

पायरी ६ : आलेखावर स्टोनरचा प्रदेश रंगवा

आता दुमडलेल्या पानाची उजवी बाजू कामाला येते. आडव्या अक्षावर क्यू, उभ्या अक्षावर ऊर्जा घ्या. शून्यापासून वर वळत जाणारी मॅग्नॉनची रेघ काढा. मग स्टोनर उत्तेजनांचा प्रदेश पेन्सिलीनं छायांकित करा. क्यू शून्य असताना तो पट्ट्यांमधल्या अंतराच्या उंचीवर एका बिंदूपाशी सुरू होतो. क्यू वाढेल तसा तो वर आणि खाली पंख्यासारखा पसरतो, कारण एकाच क्यूसाठी इलेक्ट्रॉनला अनेक वेगवेगळ्या जागी उडी मारता येते.

निकेलमध्ये वरच्या स्पिनचा डी-पट्टा पूर्ण भरलेला आहे. त्यामुळे या प्रदेशाखाली थोडी मोकळी जागा राहते. लोखंडात दोन्ही पट्टे अर्धवट भरलेले आहेत, म्हणून तिथे क्यू वाढल्यावर कमी ऊर्जेचीही स्टोनर उत्तेजनं सापडतात.

मॅग्नॉनची रेघ छायांकित भागाच्या बाहेर आहे तोवर लहर स्वच्छ आणि दीर्घायुषी असते. आत शिरली की ती इलेक्ट्रॉनांच्या उड्यांमध्ये विरघळू लागते. विरघळणं मोजायचं कसं, तर शिखराच्या रुंदीवरून. ६५८ ला मिली-ईव्हीतल्या रुंदीनं भागा, आयुष्य फेमटोसेकंदात मिळतं. समजा शिखर १५० मिली-ईव्हीवर आहे आणि रुंदी ५०. तर आयुष्य झालं १३ फेमटोसेकंद, आणि त्या लहरीचं एक आवर्तन आहे सुमारे २८ फेमटोसेकंदांचं. म्हणजे लेझमीचा एक फेरा पुरा होण्याआधीच रांग मोडली. अशा शिखराला 'मॅग्नॉन' म्हणताना हात थोडा आखडता घ्यावा आणि रुंदी नेहमी सोबत लिहावी.

१९७० च्या दशकात न्यूट्रॉन प्रयोगांत निकेल आणि लोखंडातल्या लहरींची तीव्रता १०० मिली-ईव्हीच्या आसपास झपाट्यानं घसरताना दिसली. ती रेघ स्टोनरच्या प्रदेशात शिरल्याची खूण मानली गेली. जास्त ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळू लागल्यावर त्यापलीकडेही रुंद, फिकट लहरी सापडल्या. यातला धडा असा की शिखर दिसेनासं झालं म्हणजे लहर संपलीच असं लगेच लिहू नये.

पायरी ७ : क्यूनुसार यंत्र निवडा

प्रश्न आधी ठरवा, यंत्र मागाहून.

लहर जवळजवळ अनंत लांब हवी असेल, म्हणजे सगळे स्पिन एका तालात, तर फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स वापरा. लोखंडाच्या पातळ थरात, थराच्या पातळीत ०.१ टेस्ला क्षेत्र लावलं, तर किटेलच्या सूत्रानं वारंवारता येते साधारण १३ ते १४ गिगाहर्ट्झ. ऊर्जेत हे ०.०६ मिली-ईव्हीपेक्षाही कमी. त्याहून थोड्या आखूड लहरींसाठी लेसरवर चालणारं ब्रिल्वां प्रकीर्णन आहे.

अणूंच्या अंतराशी तुलना होईल इतक्या आखूड लहरींसाठी, आणि नमुन्याच्या आतपर्यंत पाहायचं असेल, तर न्यूट्रॉनला पर्याय नाही. पृष्ठभागावरच्या काही अणुथरांसाठी स्पिन-ध्रुवित इलेक्ट्रॉनांचा ऊर्जाक्षय मोजतात. जर्मनीत हाले इथल्या गटानं २००३ मध्ये तांब्यावर चढवलेल्या कोबाल्टच्या आठ अणुथरांमध्ये या पद्धतीनं लहरींचा माग पृष्ठभाग-क्षेत्राच्या सीमेपर्यंत काढला. न्यूट्रॉनला इतक्या पातळ थरात काही दिसलं नसतं.

पायरी ८ : न्यूट्रॉनचा प्रयोग आखा

त्रि-अक्षीय स्पेक्ट्रोमीटर कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाऊसनं घडवला. धातूतल्या स्पिन-लहरींची पूर्ण रेघ काढण्याचं एक पहिलं काम त्यानं आणि सिंक्लेअरनं १९६० मध्ये प्रसिद्ध केलं, ते कोबाल्टच्या मिश्रधातूवर. त्यात ८ टक्के लोखंड होतं, कारण त्यामुळे कोबाल्ट घनीय रचनेत टिकतो. ब्रॉकहाऊसला १९९४ चं नोबेल मिळालं. त्याच चॉक रिव्हरला पी. के. अय्यंगार यांनी त्याच्याबरोबर जर्मेनियमच्या कंपनांवर काम केलं आणि ती विद्या तुर्भ्याला आणली. आज तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीभोवती, जी १९८५ मध्ये सुरू झाली, न्यूट्रॉन प्रकीर्णनाची राष्ट्रीय सुविधा आहे. यूजीसी-डीएई संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतल्या संशोधकांना तिथे प्रस्ताव पाठवता येतो. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यानं या संधीची माहिती तरी करून घ्यावी.

प्रस्ताव लिहिण्याआधी हे तपासा :

- स्फटिक. एकस्फटिक हवा आणि मोठा हवा. न्यूट्रॉन विरळ असतात.
- मूलद्रव्य. निकेल न्यूट्रॉनांना सगळ्या दिशांना विखुरून पार्श्वभूमी वाढवतं. म्हणून महत्त्वाच्या प्रयोगांत निकेल-६० या एकाच समस्थानिकाचे स्फटिक वापरले गेले. कोबाल्ट न्यूट्रॉन भरपूर शोषतं आणि त्यातून कोबाल्ट-६० तयार होतं. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं आहे. प्रयोगानंतर स्फटिक लगेच हातात मिळणार नाही, हे गृहीत धरूनच कामाची आखणी करा.
- ऊर्जा. न्यूट्रॉनची ऊर्जा मिली-ईव्हीत हवी असेल तर ८१.८ ला अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीच्या वर्गानं भागा. १.८ अँगस्ट्रॉमला ती सुमारे २५ येते. न्यूट्रॉन जेवढी ऊर्जा आणतो तेवढीच देऊ शकतो. १०० मिली-ईव्हीची लहर उठवायची तर येणारा न्यूट्रॉन त्याहून उष्ण लागतो.
- स्कॅनची दिशा. २० मिली-ईव्हीवर लोखंडाचा क्यू ०.२७ आहे आणि तिथे रेघेचा उतार १५० मिली-ईव्ही-अँगस्ट्रॉम. इतक्या उभ्या रेघेवर क्यू स्थिर ठेवून ऊर्जा बदलत गेलात तर शिखर पसरट येतं. ऊर्जा स्थिर ठेवा आणि क्यू बदला. ब्रॅग बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन शिखरं मिळाली, तर मोजणी मार्गावर आहे.

पायरी ९ : मॅग्नॉन आणि फोनॉन वेगळे करा

लोखंडात ध्वनीची अनुतरंगी लहर सुमारे ६ किलोमीटर दर सेकंद वेगानं जाते. ऊर्जेत याचा अर्थ क्यू गुणिले सुमारे ३९ मिली-ईव्ही. मॅग्नॉनची रेघ हिला क्यू ०.१४ च्या जवळ, साडेपाच मिली-ईव्हीच्या आसपास छेदते. अवतरंगी ध्वनीला त्याहूनही आधी छेदते. या छेदबिंदूंजवळ मिळालेल्या शिखराला घाईनं नाव देऊ नका. तीन कसोट्या लावा.

पहिली, चुंबकक्षेत्राची दिशा. संपृक्त नमुन्यात चुंबकन प्रकीर्णन-सदिशाला समांतर केलं की मॅग्नॉनची तीव्रता काटकोनातल्या तीव्रतेच्या दुप्पट होते. फोनॉनचं शिखर असं बदलत नाही. ही कसोटी सगळ्यात खात्रीची.

दुसरी, ब्रॅग बिंदू बदला. प्रकीर्णन-सदिश वाढला की मॅग्नॉन फिका होत जातो, कारण चुंबकत्व अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत पसरलेलं असतं. फोनॉन मात्र ठळक होतो.

तिसरी, तापमान वाढवा. मॅग्नॉनची रेघ तापमानाबरोबर लक्षणीय खाली येते, कारण 'डी' घटतो. फोनॉन त्यामानानं जागेवर राहतो.

पायरी १० : उत्तर दुसऱ्या दारानं तपासा

न्यूट्रॉनमधून 'डी' मिळाला की थांबू नका. पायरी ४ वर परत जा आणि त्यातून चुंबकनाची घट काढा. लोखंडात हिशेब जवळजवळ पूर्ण लागला. आता तेच निकेलसाठी करा. 'डी' ४०० आणि घनफळ १०.९ घातलं की खोलीच्या तापमानाला दर अणूमागे ०.०१०५ मॅग्नॉन येतात आणि घट निघते साधारण साडेतीन टक्के. जी-अंक नीट धरला, तर पावणेचारच्या जवळ. प्रत्यक्षात निकेलचं चुंबकन सुमारे ५८.६ वरून ५५ ईएमयू प्रति ग्रॅमवर येतं. म्हणजे घट जवळपास सहा टक्के.

दोन टक्क्यांहून अधिक हिशेब शिल्लक राहिला. काही कारणं तुम्हाला आता स्वतःच सांगता येतील. ३०० केल्विन हे निकेलच्या क्युरी तापमानाच्या जवळजवळ निम्मं आहे, लोखंडाच्या मात्र ते तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पायरी ४ मध्ये आपण पाव हिश्शापुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. इथे लहरींची एकमेकींशी गाठ पडते, वर्गाच्या नियमापलीकडची पदं जागी होतात आणि पट्ट्यांमधलं अंतर लहान असल्यानं स्टोनरच्या उड्याही आपला वाटा उचलतात. थंडीतला ५५० हा 'डी' घालून हिशेब पुन्हा करा. मॅग्नॉनांचा वाटा आणखी कमी येईल आणि शिल्लक वाढेल.

कुठला वाटा किती, हे नुसत्या डाव्या बाजूच्या चित्रातून सुटत नाही, नुसत्या उजव्या बाजूच्याही नाही. वहीच्या शेवटच्या पानावर निकेलची ही शिल्लक आकड्यानिशी लिहा, खाली तुमच्या मते तिची कारणं क्रमानं लिहा आणि प्रत्येक कारण कोणत्या मोजमापानं तपासता येईल तेही लिहा. लोखंडाच्या दोन टक्क्यांनी तुम्हाला पद्धत शिकवली. निकेलची ही शिल्लक तुमचा पहिला खरा संशोधन-प्रश्न होऊ शकते.